दिवाळी ते संक्रांत : पाहुण्यांनी भरलेलं घर आणि सर्दी-ताप-खोकला (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वसुबारस आली की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात आणि तिळगूळ वाटून होईपर्यंत थांबत नाहीत. तापीकाठच्या एका गावात माझा दवाखाना आहे. सणाला सुरत, पुणे, नाशिक, कल्याणहून माणसं निघतात, भुसावळला उतरलेली गर्दी एसटीने आणि क्रूझरने गावोगाव पांगते. मग भाऊबीज झाल्यावर चार-पाच दिवसांनी माझ्या ओट्यावर खोकणाऱ्यांची रांग लागते. त्यापुढे लग्नसराई, भरीताच्या पार्ट्या, यात्रा, संक्रांतीचं हळदीकुंकू असतंच.

लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे मांडले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल आणि घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल, तर ६, १६ आणि २१ हे तीन प्रश्न आधी वाचा.

१. पडसं, फ्लू, कोरोना, आरएसव्ही, एचएमपीव्ही... किती नावं! हे सगळं एकच आहे का?

विषाणू वेगवेगळे आहेत, पण सगळे नाक, घसा आणि छातीवरच येतात, म्हणून सुरुवातीला सारखे दिसतात. साधं पडसं बहुतेक वेळा रायनोव्हायरसचं असतं. नाक गळतं, शिंका येतात, पण माणूस कामावर जातो. फ्लूचं तसं नाही. सकाळी कपाशीत गेलेला गडी दुपारी अंथरूण धरतो, हाडं ठणकतात, ताप १०२-१०३ पर्यंत चढतो. २००९ मध्ये ज्या स्वाइन फ्लूची धास्ती होती, तो एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झाला आहे. कोरोनाही गेलेला नाही, बऱ्याचदा पडशासारखा येऊन जातो. आरएसव्ही मोठ्या माणसाला किरकोळ त्रास देतो, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बारीक श्वासनळ्या सुजवतो. एचएमपीव्हीवरून जानेवारी २०२५ मध्ये मोठी घबराट झाली होती, पण शास्त्रज्ञांना तो २००१ पासून माहीत आहे.

कोणता विषाणू आहे हे कळलं नाही तरी घरी घ्यायची काळजी सारखीच असते. नाव कळण्याची गरज जास्त करून डॉक्टरला असते, कारण फ्लूवर वेगळं औषध आहे (प्रश्न १४).

२. थंडी लागली म्हणूनच सर्दी होते ना?

थंडीत विषाणू तयार होत नाही, तो दुसऱ्या माणसाकडूनच येतो. मग हिवाळ्यात जास्त का? थंड, कोरड्या हवेत काही विषाणू जास्त वेळ टिकतात, नाकाचं अस्तर कोरडं पडतं, हे खरं आहे. पण माझ्या अनुभवात मोठं कारण दुसरं आहे. पारा दहाच्या खाली आला की आपण दारं-खिडक्या लावतो, फटींत चिंध्या कोंबतो आणि एका खोलीत दहा जण झोपतो. त्या दहांतला एक रात्रभर खोकला की उरलेले नऊ जण तीच हवा सात-आठ तास आत घेतात.

तरीही फ्लू फक्त हिवाळ्यातच येतो असं समजू नका. आपल्याकडे तो पावसाळ्यातही जोर करतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये.

३. मुलाला सर्दी आहे. केळी, दही, पेरू, सीताफळ बंद करू का?

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या आयाही मला हे विचारतात. केळ्याने सर्दी होत नाही आणि वाढतही नाही. दही, पेरू, बोरं यांचंही तेच. आजारी मूल आधीच कमी खातं, त्यात आपण त्याला आवडणारं तेवढंच काढून घेतो. केळं मऊ असतं, दुखऱ्या घशातून सहज उतरतं, पोटाला आधार देतं. खुशाल द्या. फ्रीजमधून काढलेला गार घास घशाला टोचत असेल तर थोडा वेळ बाहेर ठेवून द्या, इतकंच.

४. एकाचं दुसऱ्याला नक्की कसं लागतं? आणि किती दिवस लागू शकतं?

खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना तोंडातून थेंब उडतात. जड थेंब एक-दोन मीटरवर खाली पडतात, बारीक कण बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. तिसरी वाट हातांची. नाक पुसलेला हात कडीला, मोबाइलला, पाण्याच्या तांब्याला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या नाका-डोळ्यांपर्यंत जातो.

फ्लूमध्ये संसर्ग झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. लोकांना चकवणारी गोष्ट अशी की लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलं आणि अशक्त माणसं त्याहून जास्त दिवस. म्हणून "मला काहीच झालं नाही" एवढ्यावर विसंबून बाळाचा मुका घेऊ नये.

५. धनत्रयोदशीचं रिझर्व्हेशन आहे आणि आज घसा दुखतोय, कणकण आहे. गावाला यावं की नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या पोटात काय कालवत असेल ते मला कळतं. वर्षातून एकदा रजा मिळते, आई दारात वाट बघत असते. म्हणून नुसतं "येऊ नका" म्हणून मी मोकळी होत नाही.

ताप असेल तर निघू नका. औषधाशिवाय ताप जाऊन २४ तास होऊ द्या आणि खोकला उताराला लागलाय ना ते बघा. लक्ष्मीपूजन चुकलं तरी भाऊबीज सापडते, तीही चुकली तर तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच असते. ताप नाही, नुसतं नाक गळतंय आणि घरी तान्हं बाळ, गरोदर बाई, सत्तरीपुढचं किंवा दम्याचं माणूस नाही, तर या. डब्यात आणि गाडीत मास्क लावा. पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस ओट्यावर बसा, जेवण वेगळं घ्या, झोपायला वेगळी जागा घ्या. घरी वरच्यांपैकी कोणी असेल तर आधी फोन करून सगळं खरं सांगा आणि निर्णय त्यांच्यासोबत घ्या. अचानक दारात उभं राहिलेल्या लेकाला कुठलीच आई बाहेर बसवणार नाही, म्हणून हे बोलणं निघण्याआधीच व्हायला हवं.

६. बाळ दीड महिन्याचं आहे, मी माहेरी आहे. भाऊबीजेला सगळे बाळाला बघायला येणार. नाही कसं म्हणू?

यंदा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणाराही हाच.

आपल्या आज्यांनी सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला आतल्या खोलीत ठेवायची रीत पाडली. कारण त्या दृष्टीचं सांगायच्या, पण त्यामुळे बाळ गर्दीपासून दूर राहायचं. त्या रीतीचा आधार घ्या आणि सव्वा महिन्याचे तीन महिने करा. कोणी विचारलं तर "डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय" म्हणा. दोष माझ्यावर ढकला, मला चालेल.

खोलीत एका वेळी दोघांपेक्षा जास्त जण नकोत. आत येणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, वीस सेकंद, नखांसकट. त्यासाठी मोरीत नवा साबण आणि टॉवेल आधीच ठेवा, म्हणजे सांगावं लागत नाही. मुका कोणीही घ्यायचा नाही, आत्यानेही नाही आणि मामानेही नाही. पडसं-खोकला असलेल्याने उंबऱ्यावरूनच बाळ बघायचं. शाळकरी भावंडांवर जास्त लक्ष ठेवा, घरात आरएसव्ही बहुतेक तीच आणतात.

एक बाई मला म्हणाली, "ताई, पाहुणे रागावले तर?" रागावलेले पाहुणे संक्रांतीपर्यंत निवळतात. सहा आठवड्यांच्या बाळाला ऑक्सिजनवर ठेवलेलं मी पाहिलं आहे. पाळण्याएवढी ती खाट, नाकात नळी, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली पडणारा खड्डा.

अंगावरचं दूध चालू ठेवा. तुम्हालाच सर्दी-ताप असला तरी बंद करू नका, पाजताना मास्क लावा आणि हात धुवा. दुधातून विषाणू जात नाही, उलट त्याच्याशी लढायची ताकद बाळाला मिळते. खोलीत शेक-शेगडी असेल तर धूर बाहेर जाऊ द्या आणि ती पेटती ठेवून झोपू नका (प्रश्न ७).

७. आमचं धाब्याचं घर, एकच मोठी खोली, बाहेर कडाक्याचं हिव. खिडकी उघडी ठेवायची कशी?

पूर्ण उघडी ठेवायची गरज नाही. समोरासमोरच्या दोन जागा, एक खिडकी आणि एक दार, चार-चार बोटं उघडी असली तरी हवा वाहती राहते. झोपणाऱ्यांची डोकी त्या झोतात येणार नाहीत अशी अंथरुणं घाला आणि एक गोधडी जास्त घ्या. दिवसा ऊन असतंच, तेव्हा सगळं सताड उघडा. खोकणाऱ्याचं अंथरूण हवा बाहेर जाते त्या बाजूला टाका. जागा कमी असेल तर निदान एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय, असं झोपा.

कोळशाची शेगडी किंवा शेकोटीचे निखारे घमेल्यात घालून बंद खोलीत घेऊन झोपायचं, हे मात्र कधीच करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतला माणूस उठतच नाही.

८. कोरोना संपला, तरी मास्क लावायचा? लोक हसतात.

सगळीकडे, सगळा वेळ लावायची गरज नाही. तीन ठिकाणी मी आग्रह धरते. तुम्ही खोकत असाल आणि घराबाहेर पडणार असाल तर, दवाखान्याच्या गर्दीत बसणार असाल तर, आणि खच्चून भरलेल्या बंद गाडीत तुमच्यासोबत म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर. आजारी माणसाने लावला तर साधा तीनपदरी मास्कही थेंब अडवतो. स्वतःला वाचवायचं असेल तर एन-९५ चांगला, पण नाकावर घट्ट बसला तरच. रुमाल आणि उपरणं यांचा आधार कमी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मास्क लावू नये.

९. भरीत पार्टी, लग्न, सारंगखेड्याची यात्रा... काय टाळायचं?

भरीत पार्टीबद्दल विचारणाऱ्यांना मी उलट शाबासकी देते. शेतात, उघड्यावर, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बांधावर बसून कळण्याच्या भाकरीसोबत खायची. हिवाळ्यात माणसं जमवायची तर याहून चांगली जागा नाही. उघड्या हवेत विषाणू लगेच विरळ होतो. दम्याच्या माणसाला फक्त जाळापासून दूर, धूर जातो त्याच्या उलट बाजूला बसवा. धोका असतो तो शेतापर्यंत जाताना, काचा लावलेल्या क्रूझरमध्ये पंधरा जण कोंबून बसतात तेव्हा. काच चार बोटं खाली करा.

लग्नात मांडवापेक्षा बंद हॉल आणि वऱ्हाडाची गाडी जास्त वाईट. म्हाताऱ्यांना लग्न लागायच्या वेळी आणा, अक्षता पडल्या की पहिल्या पंगतीला बसवा आणि घरी पोचवा. आदल्या रात्री हळदीला त्यांना जागवू नका.

सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून यात्रा भरते, घोड्यांचा बाजार तापीकाठी मोकळ्यावर असतो. तिथे हिंडायला हरकत नाही. एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग मात्र दाट असते, तिथे मास्क लावा किंवा गर्दीचा पहिला दिवस सोडून जा.

१०. फ्लूची लस घ्यावी का? कोणी, कधी?

पासष्टीपुढची माणसं, सहा महिने ते पाच वर्षांची मुलं, गरोदर बाया, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि दवाखान्यात काम करणारे, यांनी नक्की घ्यावी. लस घेतल्यापासून साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण तयार होतं, म्हणून दिवाळीसाठी घ्यायची तर नवरात्रात घेतलेली बरी. दिवाळी उलटून गेली असली तरी घ्या, कारण दुसरी लाट जानेवारी-मार्चमध्ये येते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे लस दरवर्षी घ्यावी लागते. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदा घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

"लस घेतली तरी सर्दी झाली" अशी तक्रार येते. ही लस फक्त फ्लूची आहे, पडशाची नाही. आणि लस घेऊनही फ्लू झाला तरी तो बहुधा हलका जातो, दवाखान्यात भरती व्हायची पाळी कमी येते. खासगीत पैसे मोजावे लागतात. सरकारी दवाखान्यात जोखमीच्या लोकांसाठी उपलब्ध आहे का ते आधी विचारून घ्या.

११. बाळाला अंगणवाडीत न्यूमोनियाची लस दिली आहे. मग फ्लूची कशाला?

ती पीसीव्ही. न्यूमोकॉकस नावाच्या जिवाणूपासून वाचवते आणि सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मोफत मिळते. फार मोलाची लस आहे, एकही डोस चुकवू नका. पण ती विषाणूवर नाही. दोन्ही लसींची कामं वेगळी.

१२. ताप आला तर पहिले दोन-तीन दिवस घरी काय करायचं?

विश्रांती, भरपूर पाणी, पातळ खिचडी, वरणाचं पाणी, आणि तापाला पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. यकृताचा आजार असलेल्याने किंवा रोज दारू पिणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्दीच्या 'मिक्स' गोळीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नका.

मुलांच्या बाटलीबाबत जरा थांबून वाचा, कारण इथे घोटाळे होतात. डोस वजनावर ठरतो, किलोला १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पण एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत ५ मिलीमध्ये २५०, आणि ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत एकाच मिलीमध्ये १००. म्हणजे तेच मूल, तोच डोस, पण पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३ आणि ड्रॉप्समधून दीड. मोठ्याच्या बाटलीचं माप लहान्याच्या बाटलीला लावू नका, लेबल वाचा आणि घरातला चमचा न वापरता मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

आणि एक. ताप आहे पण सर्दी-खोकला काहीच नाही, डोळ्यांमागे दुखतंय, अंगावर पुरळ, तर दिवाळीच्या दिवसांत डेंग्यू-मलेरियाही असतात. तेव्हा पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नका आणि रक्त तपासून घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबायचंच नाही.

१३. वाफ, काढा, हळदीचं दूध, मध?

आल्याचा चहा, तुळशीचा काढा, हळदीचं दूध यांनी घशाला बरं वाटतं, घ्या. विषाणू त्याने मरत नाही, आणि काढा दिवसातून पाच वेळा प्यायल्याने पित्त खवळून लोक माझ्याकडे येतात. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या चांगल्या. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा-एक चमचा मध दिला तर खोकला शांत होतो. एक वर्षाच्या आत मध बोटाने चाटवायचाही नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

वाफेचा मला राग आहे, कारण उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर सांडून भाजलेली मुलं मी पट्ट्या बांधून घरी पाठवली आहेत. मुलांना वाफ देऊ नका. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये साध्या सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात, ते घाला.

१४. एक सुई मारून द्या, सलाइन लावा, म्हणजे लवकर उभं राहता येईल. का देत नाही तुम्ही?

कारण त्यात विषाणूवर काहीच नसतं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. उगाच घेतलं तर जुलाब लागतात आणि खरोखर लागेल तेव्हा ते काम करत नाही. सलाइनची बाटली म्हणजे मीठ-पाणी. तोंडाने पिता येत असेल तर तेच काम लिंबूपाणी करतं. काही ठिकाणी सुईत स्टेरॉइड मिसळतात. त्याने दोन तासांत हुशारी वाटते, पण मधुमेहाच्या माणसाची साखर भडकते आणि खरा आजार झाकला जातो.

फ्लूवर ओसेल्टामिव्हिर नावाचं औषध आहे. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर सगळ्यात जास्त उपयोग. म्हणूनच प्रश्न १० मधल्या जोखमीच्या लोकांनी "बघू दोन दिवस" म्हणत बसू नये, पहिल्याच दिवशी दाखवावं. ते मेडिकलवरून परस्पर आणून घ्यायचं औषध नाही.

१५. दोन वर्षांच्या मुलाला खोकल्याचं कोणतं औषध द्यावं?

कोणतंही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी द्रव मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांच्या आत सहसा देऊ नयेत. औषध शुद्ध असलं तरी एवढ्या लहान वयात त्याचा उपयोग जवळजवळ नसतो आणि गुंगी, धडधड असे त्रास होतात. मागच्या वर्षीची उरलेली बाटली कपाटात असेल तर आजच टाकून द्या.

१६. मूल गंभीर आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, पोटावर नजर ठेवा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पोट एकदा वर आलं की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगात आहे. त्याच दिवशी दवाखाना.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ज्याला आपण पसली उडते म्हणतो, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर आहेत, दूध ओढत नाही, सगळं उलटून टाकतंय, झटका आला, हलवूनही नीट जागं होत नाही, यातलं एक जरी असलं तरी लगेच निघा. रात्र असली तरी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या काही पाड्यांवरून पोटावर चटके दिलेली बाळं अजून येतात. आईबापाने प्रेमापोटीच केलेलं असतं, त्यांच्यावर मी ओरडत नाही. पण चटक्याने छाती मोकळी होत नाही, बाळाची जखम वाढते आणि ऑक्सिजन मिळायला उशीर होतो. तुमच्या ओळखीत कोणी असं करणार असेल तर त्यांना हाताला धरून दवाखान्यात आणा.

१७. मोठ्या माणसाचं काय? बोटाला लावायच्या मशिनवर किती आकडा असला तर घाबरायचं?

हे मशीन (पल्स ऑक्सिमीटर) रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवतं. ९५ आणि वर ठीक. ९४ किंवा त्याखाली गेला तर त्याच दिवशी दवाखाना, ९० च्या खाली गेला तर वेळ न घालवता. मोजताना बोट कोमट करा. नेलपॉलिश, गडद मेंदी, गारठलेला हात यांनी आकडा चुकतो, आणि लग्नघरात हे तिन्ही एकदम असतात.

पण आकडा चांगला असूनही माणूस एक वाक्य पूर्ण बोलताना धापा टाकत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीत रक्त असेल, चक्कर येऊन पडत असेल, तर मशिनपेक्षा माणसावर विश्वास ठेवा.

१८. ताप तीन दिवसांनी उतरला होता, मूल खेळायला लागलं, आणि आता पुन्हा चढला. दुसरी सर्दी लागली का?

लागलेलीही असू शकते, पण तसं गृहीत धरू नका. बरं वाटून पुन्हा ताप, सोबत वाढलेला खोकला, हे फ्लूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याचंही लक्षण असतं. कान दुखत असेल तर कानात पू. अशा वेळी अँटिबायोटिक खरंच लागू शकतं, म्हणजे प्रश्न १४ मधलं माझं म्हणणं इथे लागू होत नाही. दाखवून घ्या.

१९. कापूस वेचायला गेलं की खोकला येतो. हा व्हायरस का?

ताप नाही, डोळे-नाक खाजतं, शेतात किंवा जिनिंगमध्ये गेल्यावर सुरू होतं आणि सुट्टीच्या दिवशी कमी होतं, तर बहुधा धुळीची आणि तुसाची ॲलर्जी. नाकातोंडावर मास्क लावून वेचा. छातीत शिट्टी वाजत असेल तर दमा तपासा.

कोणताही खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. टीबीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

२०. सातवा महिना आहे. औषध घेतलं तर बाळाला त्रास होईल म्हणून ताप अंगावर काढतेय.

काढू नका. गरोदरपणात फ्लू जास्त जोर करतो आणि चढलेला ताप बाळालाही बरा नाही. पॅरासिटामॉल सांगितलेल्या प्रमाणात चालतं, ओसेल्टामिव्हिरही डॉक्टर देतात, फ्लूची लसही चालते. ही लस घेतलेल्या आईचं संरक्षण बाळालाही जन्मानंतरचे पहिले काही महिने मिळतं. पहिल्या दिवशीच दाखवा.

२१. आबांना ताप नाही, खोकलाही फारसा नाही. नुसते पडून असतात, जेवत नाहीत, मधेच काहीतरी बरळतात. वयामुळे असेल ना?

वयावर टाकू नका. म्हाताऱ्या शरीराला ताप चढवणंही कधी कधी जमत नाही. त्यांच्यात न्यूमोनिया असाच येतो. भूक जाते, तोल जातो, बोलणं भरकटतं, कपड्यातच लघवी होते.

हे मी माझ्या वडिलांवरून शिकले. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवणारा माणूस. त्या दिवशी ऊन वर आलं तरी उठले नाहीत आणि उठले तेव्हा सदरा उलटा घातला होता. चार दिवसांपूर्वी नातू खोकत आला होता, त्यांच्याच गोधडीत झोपला होता. मी डॉक्टर, तरी मला वाटलं भाचीच्या लग्नाचा शीण असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली, तेव्हा मी बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं. आकडा ८६ (प्रश्न १७). नऊ दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, पण बंब पुन्हा कधी त्यांनी पेटवला नाही. एक दिवस माझा वाया गेला होता.

म्हणून घरातलं म्हातारं माणूस आज कालसारखं वागत नसेल, तर बोटाला मशीन लावा, श्वास मोजा (मिनिटाला २४ च्या वर म्हणजे जास्त) आणि त्याच दिवशी दाखवा.

२२. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावातले सगळे दवाखाने बंद असतात. तेव्हा काय करायचं?

१०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते. गावाचं नाव सांगताना तालुका आणि जवळची ठळक खूण सांगा, एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. एक माणूस फाट्यावर बॅटरी घेऊन उभा करा. ग्रामीण रुग्णालयं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं सणालाही रात्रभर उघडी असतात.

शहादा-तळोद्याच्या पलीकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात गाडी यायला वेळ लागतो. तिथे प्रश्न १६ मधलं कोणतंही एक चिन्ह दिसताच निघा, अंधार पडायची वाट बघू नका. गावात कोणाची गाडी आहे, तिचा चालक दिवाळीत घरी आहे का, हे धनत्रयोदशीलाच विचारून ठेवा. जुने कागद, चालू गोळ्यांची पानं आणि बाळाचं लसीकरणाचं कार्ड एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवा. वाटेत बाळाला आईच्या अंगाशी गुंडाळून धरा, तोंड झाकू नका, आणि गाडीची एक काच थोडी उघडी राहू द्या.